आधी भट्टी बदलून द्या, मग बंदी घाला : पर्यावरण मंत्र्यांना क्राकूफहून खुलं पत्र

प्रति,
मा. मंत्री, पर्यावरण व वातावरणीय बदल विभाग,
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई

विषय : कोळसा-लाकडाच्या भट्ट्या, शेकोट्या आणि त्या बंद करण्याचा खर्च

सविनय नमस्कार,

मी मूळचा कोल्हापूरचा. गेली अकरा वर्षं नोकरीनिमित्त पोलंडमधल्या क्राकूफ शहरात राहतो. कोल्हापूरचं नाव काढलं की इथली एखादी म्हातारी व्यक्ती अजून हात धरून ठेवते, कारण १९४३ ते १९४८ या काळात आपल्या वळिवड्याच्या छावणीत पाचेक हजार पोलिश निर्वासित राहिले होते, बहुतेक बायका आणि मुलं. त्या जुन्या ओळखीवर मी इथे माझं बस्तान बसवलं. आज त्याच ओळखीच्या उलट्या दिशेने, इथलं काही आपल्या कानावर घालायचं आहे.

२०१४च्या ऑक्टोबरात मी इथे आलो. थंडीची पहिली संध्याकाळ, स्टेशनवरून घराकडे चालत निघालो आणि एक ओळखीचा वास आला. आजीच्या परसात पहाटे बंब पेटायचा, त्यात चिपाडं, शेणी आणि कधी मूठभर कोळसा. तो वास मला आवडायचा. इथे तोच वास अख्ख्या शहराला येत होता, आणि तो सकाळी आठला विझत नव्हता. मार्चपर्यंत राहिला. गॅलरीत वाळत घातलेल्या पांढऱ्या शर्टावर बारीक काळे ठिपके पडायचे. पडलेला बर्फ तिसऱ्या दिवशी सिमेंटच्या रंगाचा व्हायचा.

इथे घर तापवणं ही चैन नाही. उणे दहामध्ये भिंती तापल्या नाहीत तर माणूस जगत नाही. आणि पोलंड हा कोळशाचा देश. तळघरात कोळशाचा ढीग, स्वयंपाकघरात किंवा खोलीच्या कोपऱ्यात भट्टी आणि छपरावर धुरांडं, अशी हजारो घरं एकट्या या शहरात होती. जुन्या भट्टीला लोक 'कोप्चुख' म्हणतात, म्हणजे नुसता काळा धूर ओकणारी. त्यात चांगला कोळसा जाळणारे होते, कोळशाचा चुरा जाळणारे होते, आणि रात्री हळूच प्लास्टिकच्या बाटल्या टाकणारेही होते. बाजारात 'एको-वाटाणा' नावाचा कोळसाही मिळायचा. दाणे वाटाण्याएवढे, म्हणून वाटाणा. 'एको' कशामुळे, ते दुकानदारालाच माहीत.

या धुराला पोलिश भाषेत 'निस्का एमिस्या' म्हणतात. 'निस्का' म्हणजे कमी. पहिलं वर्षभर मला वाटायचं की उत्सर्जन कमी आहे, मग ही माणसं एवढी बोंब का मारतात? नंतर उमगलं की कमी ते प्रमाणात नव्हे, उंचीत. वीज केंद्राची चिमणी उंच असते, तिला गाळण्या असतात, धूर वर जाऊन पांगतो. घराचं धुरांडं दुसऱ्या मजल्यापर्यंत. क्राकूफ वसलंय व्हिस्चुला नदीच्या खोऱ्यात. हिवाळ्याच्या रात्री वरची हवा उबदार आणि खालची गार असा उलटा थर बसतो, आणि भांड्यावर झाकण ठेवावं तसा सगळा धूर खालीच कोंडतो. थोडा धूर, पण नाकाच्या उंचीवर. माझ्या या पत्राचं सगळं म्हणणं या एका शब्दात आहे, कारण मुंबईतली बेकरीची भट्टी आणि पुण्यातल्या वॉचमनची शेकोटी या दोन्ही 'निस्का'च आहेत.

युरोपच्या नियमाप्रमाणे हवेतल्या पीएम १० म्हणजे दहा मायक्रॉनपर्यंतच्या बारीक धुळीचं चोवीस तासांचं प्रमाण दर घनमीटरला ५० मायक्रोग्रॅमच्या वर वर्षातून ३५ पेक्षा जास्त दिवस जाता कामा नये. (आपल्याकडे हीच मर्यादा १०० आहे.) मी आलो त्या काळात क्राकूफच्या क्रासिन्स्की रस्त्यावरच्या केंद्रात वर्षाचे शंभराहून जास्त दिवस ती ओलांडली जायची. पुढे २२ फेब्रुवारी २०१८ला युरोपीय न्यायालयाने याच कारणासाठी पोलंडला दोषी ठरवलं. पण त्याआधीच, २०१२च्या डिसेंबरात, इथल्या काही सामान्य नागरिकांनी 'क्राकूफ स्मॉग अलार्म' नावाची चळवळ उभी केली होती. त्यांच्या रेट्याने २०१३मध्ये प्रांताच्या सभेने कोळसाबंदीचा ठराव केला. इथल्याच न्यायालयाने तो रद्द केला, कारण कायद्यात तसा अधिकारच नव्हता. मग २०१५मध्ये संसदेने कायदा दुरुस्त केला, १५ जानेवारी २०१६ला नवा ठराव झाला, आणि १ सप्टेंबर २०१९पासून क्राकूफ शहरात घरात कोळसा आणि लाकूड जाळणं पूर्ण बंद झालं. शेकोटीवजा शोभेची फायरप्लेससुद्धा.

मंत्रालयातल्या फायलीत हे एवढंच आलं तर वाचणारा म्हणेल, बंदी घातली आणि झालं. मी मधली साडेतीन वर्षं पाहिली आहेत, म्हणून त्यांच्याबद्दल लिहितो.

आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर एक आजी राहायच्या. इथे बाईमाणसाला 'पानी' म्हणतात. पहिल्या दिवशी त्यांनी दारातून स्वतःची ओळख करून दिली तेव्हा मी आत जाऊन तांब्याभर पाणी आणलं होतं. तर या आजींच्या खोलीत कोपऱ्यात हिरव्या फरशीची, छतापर्यंत उंच भट्टी होती. तळघरातून त्या रोज एक बादली कोळसा वर आणायच्या आणि एक बादली राख खाली न्यायच्या. वय ऐंशीच्या पुढे. मी बादली उचलायला गेलो तर रागवायच्या. बंदीची बातमी आली तेव्हा त्या घाबरल्या. धुराला नव्हे, बिलाला. कोळसा उन्हाळ्यात स्वस्त असताना भरून ठेवता यायचा, पेन्शन आली की थोडा थोडा घेता यायचा. गॅसचं किंवा विजेचं बिल एकदम येतं.

नगरपालिकेचा माणूस त्यांच्या घरी आला. कार्यालयात बोलावलं नाही, घरी आला. भट्टी मोजली, फोटो काढला, स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून अर्ज भरला. शहर नवी यंत्रणा बसवण्याचा खर्च देत होतं, सुरुवातीला तर शंभर टक्क्यांपर्यंत. मुदत जवळ येईल तसतशी मदत कमी होत जाणार, हेही आधीच जाहीर होतं, त्यामुळे लोकांनी शेवटच्या दिवसाची वाट पाहिली नाही. आणि दुसरी गोष्ट, जी मला सगळ्यात शहाणपणाची वाटते : ज्यांचं उत्पन्न कमी आहे त्यांना जुनं इंधन आणि नवं इंधन यांच्या खर्चातला फरक भरून देणारी वेगळी योजना होती. यंत्र एकदाच घ्यावं लागतं, बिल दर महिन्याला भरावं लागतं. आजींना हे पटायला दोन भेटी लागल्या. आमची इमारत शहराच्या गरम पाण्याच्या नळांना जोडली गेली, जिन्यात दोन महिने भोकं आणि धूळ होती, आणि हिरव्या फरशीची भट्टी शोभेला उभी राहिली. तिच्यावर आजींनी कुंडी ठेवली.

अशा वीस हजारांच्या वर भट्ट्या या शहरातून गेल्या. त्यानंतर, फुकट पर्याय देऊन झाल्यावर, शिक्षेची वेळ आली. महापालिकेचे पहारेकरी आता धूर दिसला की घरी येतात, राखेचा नमुना प्रयोगशाळेत पाठवतात. जागेवर ५०० झ्लॉटी (झ्लॉटी म्हणजे इथलं चलन) दंड, न्यायालयात गेलं तर ५,००० पर्यंत. लोक कुरकुरतात, पण मदत मिळालीच नाही असं कोणी म्हणू शकत नाही.

सगळं गोडच झालं असं नाही. नळातून येणारं गरम पाणी तापतं ते शहराच्या कडेला असलेल्या वेंग इथल्या औष्णिक केंद्रात, कोळशावरच. धूर नाहीसा झाला नाही, उंच गेला आणि गाळला गेला. माझ्या मते पहिली पायरी म्हणून हे चालतं. आणि २०२२मध्ये रशियाचा कोळसा बंद झाला, भाव भडकले, तेव्हा केंद्र सरकारने कोळशावर घर तापवणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला ३,००० झ्लॉटी दिले, आपले साधारण पन्नास हजार रुपये. ज्यांनी शहाण्यासारखी भट्टी आधीच बदलली होती, ते म्हणाले, मग आम्ही मूर्ख ठरलो का? ओरड झाली, मग इतर काही इंधनांनाही थोडंफार देण्यात आलं. नियम आधी पाळणारा माणूस तोट्यात जाता कामा नये. एवढी एक चूक आपण टाळली तरी पुष्कळ.

आता मुंबईकडे येतो.

९ जानेवारी २०२५ला मुंबई उच्च न्यायालयाने शहरातल्या लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत गॅस किंवा तत्सम स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितलं. पुढे ८ जुलै ही तारीख ठरली, हॉटेलांच्या तंदूरलाही तीच. आदेश चुकीचा आहे असं मी म्हणणार नाही. त्या फेब्रुवारीत मी गिरगावात मावशीकडे आलो होतो. चाळीखालच्या बेकरीत लादी पाव आणायला गेलो, तर भट्टीशेजारी लाकडाचा ढीग. नीट पाहिलं तर ते जंगलातलं लाकूड नव्हतं. पाडलेल्या घरांचे दरवाजे, कपाटाच्या फळ्या, एका तुकड्यावर बिजागरी तशीच आणि निळा ऑइलपेंट. भंगारातलं लाकूड स्वस्त पडतं, म्हणून बेकरीवाले तेच घेतात. त्या रंगाचं आणि सनमायकाचं काय होतं, ते भट्टीच्या तोंडाशी उभ्या असलेल्या पोराच्या फुप्फुसाला ठाऊक. बेकरीवाला मला म्हणाला, "ओव्हन घेईन हो, पण ठेवू कुठे? भट्टी तोडायची तर दुकान किती दिवस बंद ठेवू? आणि त्या दिवसांत या आठ माणसांना काय देऊ?" त्याच्यापर्यंत तारीख पोहोचली होती. पैशाची कुठलीही योजना पोहोचली नव्हती, की टेबलावर बसून अर्ज भरून देणारा माणूस.

परवा मावशीला फोनवर विचारलं. म्हणाली, ती भट्टी बंद झाली. पाव मिळतो, पण टेम्पोने वसईकडून येतो. तिकडे तो कशावर भाजतात, हे कोणी विचारलेलं नाही.

क्राकूफलाही नेमकं हेच भोवलं. इथे रस्तोरस्ती 'ओब्वाझानेक' नावाचा कड्यासारखा गोल पाव मिळतो. शहराभोवतीच्या गावांच्या कडबोळ्यालाही लोक हेच नाव देतात. शहरात बंदी झाली, पण या कड्यातल्या गावांत कोप्चुख चालूच राहिले आणि संध्याकाळी वाऱ्यासरशी त्यांचा धूर शहरात उतरत राहिला. प्रांताने त्यांच्या जुन्या भट्ट्यांसाठी ठेवलेली मुदतही पुढे ढकलत १ मे २०२४वर नेली. मुंबईचा 'ओब्वाझानेक' म्हणजे वसई, विरार, भिवंडी, ठाणे, पनवेल. महापालिकेची हद्द नकाशावर असते, धुराला ती दिसत नाही. हे काम एकट्या पालिकेकडून होणार नाही. ते आपल्याच विभागाला करावं लागेल, साऱ्या महानगर प्रदेशासाठी एक तारीख आणि एक योजना ठेवून.

शेकोटीचंही असंच आहे. पुण्यात भावाच्या सोसायटीत डिसेंबरच्या रात्री गेटवर मामा बसतात. मामा म्हणजे वॉचमन, मूळचे परभणीकडचे. लोखंडी घमेल्यात वाळकी पानं, थर्माकोलचे तुकडे आणि एकदा तर टायरची पट्टी पेटलेली मी पाहिली. उघड्यावर कचरा जाळायला राष्ट्रीय हरित लवादाने २०१६मध्ये ५,००० रुपये दंड ठरवला आहे. मामांचा पगार त्याच्या किती पट आहे, याचा हिशेब आपण करावा. मी त्यांना हीटरचं विचारलं तर हसले. "साहेब, हीटर लावला तर बिल कमिटी माझ्यावरच टाकेल." दिल्लीत प्रदूषण वाढलं की लागू होणाऱ्या श्रेणीबद्ध कृती आराखड्यात वसाहतींनी सुरक्षारक्षकांना विजेचे हीटर द्यावेत, असं सांगितलेलं आहे. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात महाराष्ट्राची १९ शहरं आहेत, त्यात माझं कोल्हापूरही आहे. या १९ शहरांतल्या सोसायट्यांसाठी एक ओळीचा आदेश निघू शकतो : रात्रपाळीच्या माणसाला हीटर आणि बंद केबिन सोसायटीने द्यायची, विजेचं बिल सोसायटीचं. दंड घ्यायचा तर कमिटीकडून घ्या, मामांकडून नको.

क्राकूफच्या प्रांतिक ठरावाची प्रत आणि बिलातला फरक भरून देणाऱ्या योजनेचे नियम माझ्याकडे आहेत, पोलिश भाषेत. आपल्या विभागाला हवे असतील तर मराठीत करून पाठवतो, मोबदल्याशिवाय. दोन आठवडे लागतील, कारण कायद्याची पोलिश आमच्या तळमजल्यावरच्या आजींनाही समजावून सांगताना घाम फुटायचा.

आपला नम्र,
एक कोल्हापूरकर
क्राकूफ, पोलंड