पेप्टाइडांच्या शोषणाविषयी अर्धवट माहिती

महोदय,

आहारविषयक लेखांमध्ये एक विधान वर्षानुवर्षे जसेच्या तसे छापले जाते: प्रथिनांचे पचन होऊन सुटी अमिनो आम्ले तयार होतात आणि तीच आतड्यातून शोषली जातात. दुसरीकडे, पेप्टाइडयुक्त (पेप्टाइड म्हणजे अमिनो आम्लांची लहान साखळी) भुकट्यांच्या जाहिराती असे भासवतात, की कोणतेही पेप्टाइड पोटात गेले म्हणजे ते अखंड रक्तात पोहोचते. यांतले पहिले विधान अपुरे आहे आणि दुसरे बहुतांशी चुकीचे आहे.

पेशीचे पटल मेदाच्या दुहेरी थराचे असते. अमिनो आम्लाच्या एका टोकाला धन आणि दुसऱ्या टोकाला ऋण प्रभार असल्याने ते या थरातून आपोआप पाझरत नाही. त्याला पटलात बसलेले वाहक प्रथिन लागते. लहान आतड्याच्या अस्तरातील असे अनेक वाहक सोडियमच्या आयनाबरोबर अमिनो आम्ल आत ओढतात. दोन किंवा तीन अमिनो आम्लांच्या पेप्टाइडांसाठी मात्र पेप्ट-१ नावाचा स्वतंत्र वाहक आहे आणि तो सोडियमऐवजी प्रोटॉनच्या, म्हणजे हायड्रोजन आयनाच्या, ओढीवर चालतो. 20 अमिनो आम्लांपासून दोन घटकांची 400 आणि तीन घटकांची 8,000 पेप्टाइडे संभवतात. त्यांतील बहुतेक हा एकच वाहक स्वीकारतो, पण सुटे अमिनो आम्ल किंवा चार घटकांची साखळी तो घेत नाही. आत आलेल्या पेप्टाइडांपैकी बहुतेकांचे तुकडे पेशीतील विकरे करतात आणि रक्ताच्या बाजूला मुख्यतः सुटी अमिनो आम्लेच बाहेर पडतात. जुन्या विधानाला इथपर्यंत आधार आहे, हे मान्य करायला हवे.

पेप्टाइडांच्या या दुसऱ्या वाटेचा सर्वांत बोलका पुरावा मला हार्टनप विकारात दिसतो. 1956 मध्ये प्रथम वर्णन झालेल्या या आनुवंशिक विकारात ट्रिप्टोफॅनसारख्या उदासीन अमिनो आम्लांचा वाहक निकामी असतो, त्यामुळे ती सुटी दिली तर आतडे ती नीट घेत नाही. तीच अमिनो आम्ले दोन घटकांच्या पेप्टाइडाच्या रूपात दिल्यावर मात्र शोषली जातात, असे 1970 च्या सुमारास दिसून आले. अशा रुग्णांपैकी अनेकांना प्रथिनांची गंभीर कमतरता का जाणवत नाही, याचे एक कारण त्यातून उलगडते. औषधशास्त्रानेही पेप्ट-१ या वाहकाचा उपयोग करून घेतला आहे: सेफॅलेक्सिन हे प्रतिजैविक आपल्या पेप्टाइडसदृश रचनेमुळे त्याच वाटेने आत जाते, आणि व्हॅलासायक्लोव्हिर या विषाणूविरोधी औषधात मूळ औषधाला (असायक्लोव्हिरला) व्हॅलिन हे अमिनो आम्ल जोडल्यामुळे त्याचे शोषण बरेच सुधारते. उलट पार्किन्सनच्या रुग्णांना दिले जाणारे लेव्होडोपा अमिनो आम्लांच्या वाहकांवर अवलंबून असते. म्हणूनच प्रथिनांनी भरलेल्या जेवणाबरोबर ते घेतले तर आतड्यात आणि पुढे मेंदूच्या सीमेवरही त्याला इतर अमिनो आम्लांशी स्पर्धा करावी लागते. ही बाब रुग्णांच्या नातेवाइकांना ठाऊक असणे, भुकट्यांच्या चर्चेपेक्षा कितीतरी अधिक उपयोगाचे आहे.

लांब साखळ्यांची गोष्ट वेगळी. 51 अमिनो आम्लांचे इन्सुलिन तोंडाने घेतल्यास ते आतड्यात तुटते आणि जे उरेल तेही पटल ओलांडत नाही, म्हणून ते टोचावे लागते. प्रतिकारशक्ती दाबणारे आणि तोंडाने घेता येणारे सायक्लोस्पोरिन हे औषध 11 घटकांचा अपवाद जरूर आहे. पण त्याची साखळी वर्तुळाकार असून तिच्यातील सात बंधांवर मेथिल गट आहेत, त्यामुळे ते विकरांना दाद देत नाही आणि मेदाच्या थरातही सामावते. अशी ठेवण अन्नातल्या पेप्टाइडांना नसते.

तेव्हा आपल्या आरोग्य पुरवणीत यापुढे प्रथिनांच्या शोषणाविषयी लिहिताना दोन-तीन घटकांच्या पेप्टाइडांचा उल्लेख व्हावा, आणि 'पेप्टाइड' या नावावर खपणाऱ्या उत्पादनांबद्दल मजकूर छापताना त्यातील साखळ्या किती लांबीच्या आहेत, हे उत्पादकाला आवर्जून विचारले जावे, ही विनंती.

आपला,
जीवरसायनशास्त्राचा एक अध्यापक