प्रभागनिहाय समान वाटप आणि तुंबणारी गटारे

संपादक महोदय,

नगरपालिकेकडे प्रभागांतील कामांसाठी निधी आला की पहिली मागणी होते ती समान वाटपाची. प्रत्येक नगरसेवकाला सारखा वाटा मिळाला की बैठकीत वाद होत नाही. बाके आणि पथदीप यांच्यापुरते हे चालूनही जाते. गटारांच्या बाबतीत मात्र या वाटपानेच पाणी तुंबते. पाणी जाते उताराने आणि पैसे वाटले जातात प्रभागाच्या हद्दीने.

टेकडीवरच्या प्रभागाने आपल्या वाट्यातून 45 सेंटीमीटरचे गटार 60 सेंटीमीटर रुंद केले आणि खालच्या प्रभागात जुनेच 45 चे राहिले, तर काय होते ते पहिल्या मोठ्या पावसातच दिसते. वरून पाणी जास्त वेगाने येते, सांध्यावर अडते आणि रस्त्यावर उसळते. घरे बुडतात ती खालच्यांची. म्हणून गटाराचे काम तोंडाकडून, म्हणजे पाणी जिथे नाल्यात किंवा खाडीत पडते तिथून सुरू करून वर न्यायचे असते. निधी अपुरा असेल तर यंदा फक्त खालचा टप्पा करावा आणि वरचा पुढच्या वर्षी. दोन्हीकडे अर्धे अर्धे काम करणे सर्वांत वाईट.

आपल्याकडे त्यात भरतीची भर पडते. पणजीत सांतिनेज नाल्याकाठी राहणाऱ्यांना हे सांगायला नको. गटाराचे तोंड भरतीच्या पातळीखाली असेल तर ऐन पावसात पाणी बाहेर पडण्याऐवजी खाडीचेच पाणी आत येते. खाजन शेतीत, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतीत, यासाठी मानस नावाचे पाण्याचे दार असते: ओहोटीला दार उघडते, भरतीला मिटते. शहरातील गटारांच्या तोंडांशी अशी झडप लागेल का, हे अंदाजपत्रक करण्याआधी पाहायला हवे.

उताराचेही तसेच. 200 ला 1 असा उतार धरला तर 100 मीटर लांबीत तळ 50 सेंटीमीटर खाली जायला हवा. काम तुकड्यातुकड्याने, वेगवेगळ्या ठेकेदारांकडून झाले की प्रत्येक जण आपल्या तुकड्याचा तळ रस्त्याच्या पातळीवरून ठरवतो. मग मध्येच खोलगट भाग राहतो, तिथे गाळ साचतो आणि डास होतात. पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने तळाची पातळी अर्ध्या तासात तपासता येते.

गटारावरच्या झाकणाकडे तर कोणी बघतच नाही. 2 मीटर लांब, 1 मीटर रुंद, 15 सेंटीमीटर जाड काँक्रीटची लादी सुमारे 750 किलो भरते. ती मे महिन्यात उचलणार कोण? त्यामुळे मान्सूनपूर्व सफाई उघड्या गटारापुरतीच होते. 60 बाय 45 सेंटीमीटरचे, साडेसात सेंटीमीटर जाडीचे झाकण 50 किलोच्या आसपास असते. दोन कामगार लोखंडी आकड्यांनी ते सहज काढतात. जिथून गाड्या आत वळतात तेवढ्याच ठिकाणी जाड लादी घालावी.

रस्त्याबद्दल एकच. जुना थर न खरवडता वर हॉटमिक्स घालत गेल्याने रस्ता उंबऱ्याच्या वर चढतो आणि अंगणातले पाणी गटारापर्यंत पोचतच नाही. खरवडण्याचा खर्च अंदाजपत्रकात धरायलाच हवा.

हे सगळे ठरवायचे कुठे? गावात ग्रामसभा आहे. शहरात तसे काही नाही. 74 व्या घटनादुरुस्तीने प्रभाग समित्या सक्तीच्या केल्या त्या 3 लाख व त्याहून अधिक लोकसंख्येच्या पालिकांसाठी, आणि गोव्यातील एकही शहर त्या आकड्याच्या जवळपास नाही. पण सक्ती नाही म्हणजे मनाई आहे असे नव्हे. पालिकेने ठराव घेऊन एकाच उतारावरच्या दोन-तीन प्रभागांची संयुक्त सभा ऑक्टोबरमध्ये बोलवावी. डिसेंबरपर्यंत अंदाजपत्रक आणि तांत्रिक मंजुरी, जानेवारीत निविदा झाली तर फेब्रुवारी ते मध्य मे हे कोरडे महिने कामाला मिळतात. मार्चअखेरीस निधी परत जाईल म्हणून घाईने दिलेला कामाचा आदेश मे महिन्यात खड्डा खणतो आणि जूनमध्ये तसाच सोडतो.

कामाच्या जागी अंदाजपत्रकाची प्रत लावावी. 2005 च्या माहिती अधिकार कायद्याने नागरिकाला कागदपत्रांबरोबरच कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचा नमुना मागण्याचाही हक्क दिला आहे; तो वापरावा. आणि गटाराची खोली, तळाच्या काँक्रीटची जाडी यांची मोजमाप पुस्तिकेतील नोंद झाकणे बसवण्याआधी, रहिवाशांसमोर करावी. झाकण बसले की आत काय आहे ते पुन्हा कोणी मोजत नाही.

— एक रहिवासी, म्हापसा