मुंबईच्या दादाला, मालवणहून

प्रिय दादास,
सप्रेम नमस्कार.

बाबांच्या फोटोंसाठी तू घरात उभा करायला शिकवलेल्या सर्व्हरबद्दल फोनवर आभार मानायला गेले की तू "रवांदे गो" म्हणतोस आणि काकीच्या, म्हणजे तुझ्या आईच्या, गुडघ्यांचा विषय काढतोस. म्हणून लिहून काढते, आणि चारचौघांना वाचता येईल असं लिहिते. जूनमध्ये इथे काय झालं ते तुला तुकड्यातुकड्यांनी कळलं आहे. सलग मी कुणालाच सांगितलेलं नाही.

बाबांचा स्टुडिओ बंद होऊन वीस वर्षं झाली तरी निगेटिव्हच्या पेट्या माळ्यावर तशाच होत्या. ३५ एमएमच्या पट्ट्या, त्याच्याही आधीच्या १२० फिल्मच्या मोठ्या चौकोनी निगेटिव्ह, प्रत्येक पाकिटावर बाबांच्या अक्षरात तारीख आणि गावाचं नाव. आपल्या हवेत फिल्मला बुरशी धरते. पाकीट उघडावं तर नवरीच्या तोंडावर कोळ्याच्या जाळ्यासारखी नक्षी पसरलेली. बाबा गेले त्या वर्षी मी स्कॅनर घेतला आणि जेवणं आटपली की रोज रात्री दोन-दोन पट्ट्या करत बसले. रंगीत पट्टीवरच्या एका फोटोची टिफ फाइल ४० एमबीची, १२० च्या कृष्णधवल निगेटिव्हची ५० एमबीची. गूगलच्या फुकटच्या १५ जीबीत अशा चारशे फाइलीसुद्धा मावत नाहीत. सगळं एका बाहेरच्या हार्ड डिस्कवर जात होतं, आणि ती डिस्क मी कापडात गुंडाळून कपाटात ठेवायची.

२०२३ च्या जुलैत ती डिस्क लावली आणि आतून नुसता टकटक आवाज आला. दोन हजारांवर फोटो त्या आवाजात गेले. त्याहून जास्त जिव्हारी लागलं ते वेगळंच. स्कॅन झालंय ना, म्हणून लग्नांच्या पट्ट्या मी ज्या त्या घरी देऊन टाकल्या होत्या. काही घरांतून परत मिळाल्या, काही पावसाच्या पाण्यात गेल्या होत्या. तेव्हा तुला फोन केला तो रडतच. तू एकच विचारलंस, "दुसरी प्रत खंय आसा?" दुसरी प्रत नव्हती.

चतुर्थीला तू कोकणकन्येने कुडाळला उतरलास, तेव्हा सामानात गणपतीवरच्या माटवीला टांगायच्या फळांच्या पिशवीशेजारी एक बुटका डेस्कटॉप होता, साड्यांत गुंडाळलेला, घरचा सर्व्हर करायला आणलेला. कुठल्याशा ऑफिसातून निघालेला, लॅमिंग्टन रोडवर तू स्वतः उघडून बघून घेतलेला. ४ टीबीच्या दोन डिस्क वहिनीच्या पर्समध्ये. गणपती बसले, आरती झाली, आणि हात पुसून तू पहिलं काम केलंस ते आमच्या भिंतीतल्या प्लगाचं.

ही गोष्ट मी आता भेटेल त्याला सांगते. होल्डरमधला बल्ब घेऊन तू त्याची एक वायर फेजला लावलीस, दुसरी न्यूट्रलला. बल्ब पेटला. मग दुसरी वायर अर्थिंगच्या भोकात घातलीस, तर काहीच नाही. वरची पाटी उघडली तेव्हा दिसलं की त्या भोकामागे वायरच नव्हती. पस्तीस वर्षं या घरात फ्रिज, पंप, टीव्ही अर्थिंगशिवाय चालले होते. तू म्हणालास, सर्व्हर नंतर, हे आधी. चौथ्या दिवशी वायरमन मिळाला. मागीलदारी जांभ्यात खड्डा खणायला त्याला दुपार लागली, मग कोळशाचा थर, मिठाचा थर, मध्ये पट्टी. जागा तू नारळीच्या आळ्याशेजारची निवडलीस, कारण जांभा उन्हाळ्यात सुकला की अर्थिंग दुबळं होतं आणि आळ्याला पाणी तर रोज जातंच. सर्व्हर राहो, आईच्या हाताला फ्रिजचा झिणझिण झटका लागायचा तो त्या दिवसापासून बंद झाला.

मी जागा सुचवली होती माळ्याची. कौलांखाली मे महिन्यात काय तापतं ते दाखवायला तू मला वरच घेऊन गेलास. शेवटी माजघरातली फळी ठरली, समुद्राच्या वाऱ्यापासून आतल्या बाजूला आणि पावसात घाम सुटणाऱ्या लादीपासून चार फूट वर. मला वाटत होतं, दमट दिवसांत बंद ठेवलेला बरा. उलट आहे, असं तू समजावलंस: चालू यंत्र खोलीपेक्षा थोडं गरम राहतं, त्यामुळे आत ओल बसत नाही. बंद करून ठेवलं तर खारी ओल पत्र्यावर जाऊन बसते. मागच्या जाळीला पाल शिरू नये म्हणून मच्छरदाणीचं कापड तू स्वतः शिवलंस. विजेचं म्हणशील तर तुझ्या मीटरवर २८ वॅट दिसले, म्हणजे महिन्याला २० युनिट. आईला हा आकडा सांगितल्यावरच ती निर्धास्त झाली.

आणि मग तू मला खुर्चीवर बसवलंस.

दादा, मला या एकाच गोष्टीसाठी पत्र लिहायचं होतं. तुझ्या हातून ते काम पाऊण तासात झालं असतं. मला तीन दिवस लागले. डेबियन १२ ही यंत्रणा टाकताना, दोन डिस्कचा झेडएफएस मिरर बांधताना (दोन्हींवर तेच सगळं एकाच वेळी लिहिलं जातं), ॲप्स चालवणारं डॉकर चढवताना एकदाही तू कीबोर्डला हात लावला नाहीस. बाहेर भजन चालू, मध्येच उसळीच्या वाट्या, आणि तू माझ्या मागे पाटावर बसून म्हणायचास, "भियां नको गो, मी हयच आसंय." प्रत्येक कमांड मी वहीत मराठीत लिहायची, ती काय करते ते तुला सांगायचं, आणि मगच एंटर. चुकीच्या डिस्कचं नाव मी एकदा टाईप केलं होतं. तू बघितलंस, पण बोलला नाहीस. फक्त "वाच परत" म्हणालास. मी वाचलं आणि माझं मलाच सापडलं.

डिस्क बसवायच्या आधी दोन्हींच्या कडेला पांढरी पट्टी चिकटवून सिरीयल नंबरची शेवटची चार अक्षरं स्केचपेनने लिहायला लावलीस. सिस्टीममध्येही त्याच नावाने जोडायला सांगितलंस. पुढे कधीतरी एक जाईल, तेव्हा हातात कुठली काढायची ते त्या वेळी शोधत बसू नकोस, असं म्हणाला होतास. मला ते तेव्हा फार लांबचं वाटलं होतं.

विसर्जनाच्या आदल्या रात्री मात्र तू माझी परीक्षा घेतलीस. मिरर म्हणजे बॅकअप नव्हे, हे तू दहा वेळा सांगितलं होतंस: एका डिस्कवरून चुकून पुसलं तर दुसरीवरूनही त्याच क्षणी पुसलं जातं. म्हणून रेस्टिक या बॅकअपच्या प्रोग्रॅमने तिसऱ्या, बाहेरच्या डिस्कवर प्रत घेतली होती. तू म्हणालास, १९८७ चा फोल्डर काढून टाक आणि तिथून परत आण. बाबांनी आंगणेवाडीच्या जत्रेत काढलेले फोटो होते त्यात. माझा हात एंटरवर किती वेळ थांबला ते तू पाहिलंस. फोल्डर गेला. परत आणायला बसले तर रेस्टिकने पासवर्ड विचारला, आणि तो मी लिहून ठेवला होता त्याच सर्व्हरवरच्या एका फाइलीत. माझं डोकं सुन्न झालं. फोल्डर गेला तरी सर्व्हर चालू होता, म्हणून फाइल उघडता आली. सर्व्हरच बंद पडला असता तर? रेस्टिकची प्रत कुलूपबंद असते, पासवर्ड हरवला की ती जगात कुणालाच उघडत नाही. त्याच रात्री तो कागदावर लिहून आईच्या लोखंडी पेटीत सातबाऱ्यांच्या खाली गेला. दुसरा कागद तुझ्या पाकिटात. फोटो सगळे परत आले. मी मोजले, ३१२ होते तेवढेच.

बाकीचं पटापट झालं. राऊटरच्या पानावर आमचा बाहेरचा पत्ता १०० ने सुरू होणारा दिसला, त्यावरून तू लगेच ओळखलंस की कंपनी एकच पत्ता अनेक घरांत वाटते आहे आणि बाहेरून थेट दार उघडता येणार नाही. टेलस्केल, म्हणजे आपल्याच यंत्रांना आपसांत जोडणारी खाजगी वाट, टाकलं, आणि पुण्याहून लेकीला घरचे फोटो दिसू लागले. इंटरनेटला एकही पोर्ट उघडा टाकावा लागला नाही. स्कॅन केलेल्या कागदपत्रांत शोधायला पेपरलेस एनजीएक्स मी नंतर एकटीने बसवलं, त्यात मराठी वाचायची सोय जोडली. आता गट नंबर टाकला की सातबारा समोर येतो. मोडी लिपीतली जुनी खतं त्याला वाचता येत नाहीत, ती नुसती चित्रं म्हणून आहेत.

आता जून. पहिल्या पावसाच्या वीजकडकडाटात दिवे तीनदा जाऊन आले आणि यूपीएसमधून जळका वास आला. सर्व्हर बंद. दुसऱ्या दिवशी थेट भिंतीच्या प्लगाला लावून चालू केला. डिस्कांची तब्येत सांगणारं झेडपूल स्टेटस मागितलं तर समोर 'डिग्रेडेड', म्हणजे मिरर अर्धा पडलेला. एक डिस्क दिसतच नव्हती. तुला फोन लावला, तुझा लागला नाही. तू रात्रपाळीला होतास हे मागाहून कळलं. मी वही उघडली. तुझ्या म्हणण्याप्रमाणे आधी बॅकअप ताजा आहे ना ते बघितलं. मग झाकण काढलं, पांढरी पट्टी वाचली, चार अक्षरं जुळवली आणि डिस्क काढली. नवी मागवताना सीएमआरचीच (पट्टे शेजारी-शेजारी लिहिणारी) हवी, एसएमआरची (पट्टे एकमेकांवर चढवणारी) नको, हेही वहीत होतं. एसएमआरवर मिरर भरायला फार वेळ लागतो. पाच दिवस सर्व्हरमध्ये बाबांचे फोटो एकाच डिस्कवर होते, त्या पाच रात्री मी नीट झोपले नाही. नवी डिस्क आली, झेडपूल रिप्लेस लिहिलं, दोनदा वाचलं, एंटर केलं. झेडएफएस फक्त भरलेली जागाच उतरवून घेतं, त्यामुळे तीन तासांच्या आत संपलं. 'एरर्स: नो नोन डेटा एरर्स', म्हणजे डेटात चूक सापडली नाही, ही ओळ आली तेव्हा मी आईला हाक मारली. तिला त्यातलं काही कळलं नाही, पण तिने देवाजवळ साखर ठेवली.

आई आता रोज दुपारी टॅबलेट घेऊन बसते. इमिच हे फोटोंचं ॲप चेहऱ्यांचे गठ्ठे करतं आणि आई नावं सांगते, मी लिहिते. आतापर्यंत १४३ नावं झाली. बाबांच्या मूळ फाइली तू म्हणालास तशा साध्या फोल्डरांतच आहेत, इमिचला त्या फक्त वाचता येतात, आणि त्याचा डेटाबेस रोज रात्री वेगळा उतरवला जातो. आईने सांगितलेली नावं त्या डेटाबेसमध्येच असतात, म्हणून त्याची काळजी मला फोटोंइतकीच आहे. आई गेल्यावर ती नावं सांगायला कुणी उरणार नाही.

गेल्या आठवड्यात किनाऱ्यावरून जाळं ओढायच्या रापणीच्या फोटोंत तुझे बाबा सापडले. दोर ओढणाऱ्यांत तिसरे, लेंगा गुडघ्यापर्यंत दुमडलेला. पाकिटावर १९७९ लिहिलं आहे. इमिचला ते वेगळेच कुणी वाटले होते; आईने पाठीवरून ओळखले. काकीला दाखवला तर ती बराच वेळ टॅबलेट खाली ठेवेना. तुला पाठवलेला नाही. मोठा छापून फ्रेम करून ठेवला आहे, तुझ्या हातात द्यायचा आहे.

यंदा, २०२४ मध्ये, चतुर्थी ७ सप्टेंबरला आहे. गेल्या वर्षी नेलेली बॅकअपची डिस्क येताना आठवणीने आण. इथली ताजी भरून स्टीलच्या घट्ट डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसकट ठेवली आहे, जाताना ती घेऊन जा. ट्रेनमध्ये वहिनीच्या पर्समध्येच ठेवा, बॅगेत नको.

तुझी,
शेजारची धाकटी बहीण