कळते, पण नेतो कोण?

महोदय,
शहरातील लोकांना ओला-सुका कचरा वेगळा करायचे कळत नाही, हा आपल्या लेखाचा सूर पटला नाही. कळते सगळ्यांना, पण दोन्ही डबे घंटागाडीत एकत्रच रिकामे होताना दिसले, तर कोण रोज वेगळे करील? आमच्या खेड्यातही तेच. भाजीचे देठ, शेण, राख उकिरड्यावर जाते. त्यातच आता शाम्पूच्या आणि (बंदी असलेल्या!) गुटख्याच्या पुड्या पडतात, उन्हाळ्यात खताबरोबर कपाशीच्या वावरात पसरतात आणि वखराच्या पासेला (जमीन खरवडणाऱ्या पात्याला) गुंडाळतात. प्लास्टिक कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ मध्ये ग्रामपंचायतींवरही जबाबदारी आहे. आमच्याकडे स्वच्छतेची शपथ होते, प्लास्टिक उचलायचा वार मात्र ठरत नाही. आठवड्याला एक फेरी लावा, मग लोकांच्या अज्ञानावर खुशाल लिहा.

— एक शेतकरी वाचक, ता. दर्यापूर, जि. अमरावती