लोहगडाच्या पायथ्याशी माणसे मोजा

माननीय संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

पावसाळ्याचे पहिले दोन-तीन शनिवार-रविवार उलटले की मावळातल्या गडांवरील आणि धबधब्यांवरील गर्दीच्या बातम्या येऊ लागतात, कुठेतरी दुर्घटना घडते आणि पाठोपाठ मनाई आदेश निघतो. आम्ही पाच मित्र गेली बावीस वर्षे जून ते सप्टेंबर या काळात जमेल त्या रविवारी गडावर जात आलो आहोत आणि हे चक्र दरवर्षी पाहत आलो आहोत. त्या अनुभवावरून मला एकच गोष्ट सुचवायची आहे. पावसाळी सुट्टीच्या दिवशी लोहगडासारख्या गडावर एका तासात किती माणसे चढू द्यायची, याचा आकडा ठरवावा आणि त्याप्रमाणे पायथ्याशी माणसे मोजून वर सोडावीत.

हे मला का वाटू लागले, ते सांगतो. काही वर्षांपूर्वी जुलैमधल्या एका रविवारी आम्ही सकाळची लोकल धरून मळवलीला उतरलो आणि भाजे गावातून गायमुख खिंडीच्या वाटेला लागलो. खिंड यायच्या आधीच रस्त्याच्या दोन्ही कडांना मोटारी लागल्या होत्या. साडेनऊच्या सुमारास गणेश दरवाजातून आत शिरलो. तिथून नारायण दरवाजा हाकेच्या अंतरावर आहे. तेवढे अंतर कापायला आम्हांला पावणेदोन तास लागले. वरून उतरणारे आणि खालून चढणारे एकाच पायऱ्यांवर समोरासमोर आले होते आणि कोणालाच मागे सरकता येत नव्हते. पायऱ्यांवरून घोट्याएवढे पाणी वाहत होते, अंगाला अंग लागून माणसे उभी होती आणि छत्र्यांच्या काड्या नेमक्या डोळ्यांच्या उंचीवर येत होत्या. माझ्या पुढे नऊ-दहा वर्षांचा एक मुलगा तटाच्या दगडाला चिकटून उभा होता. त्याची आई चार पायऱ्या खाली अडकली होती आणि “बाळा, भिंत सोडू नकोस” एवढेच पुन्हा पुन्हा ओरडून सांगत होती. आमच्यातल्या एका मित्राने त्याला उचलून खांद्यावर घेतले आणि गर्दी हलेपर्यंत तसाच धरून ठेवले. त्याच वेळी मागून कोणी “पुढे चला, पुढे चला” म्हणून रेटा देत होते; एका आयोजकाने तीन बस भरून आणलेल्या तुकडीचे ते लोक होते आणि पुढे जागाच नाही हे त्यांना मागून दिसत नव्हते. त्या दिवशी कोणी दगावले नाही. पण पायऱ्यांना शेवाळ होते, आणि वरच्या अंगाचा एक जरी माणूस घसरला असता तरी खालच्या पन्नासांवर काय ओढवले असते, याचा विचार आजही मला अस्वस्थ करतो.

लोहगडाची ही वाट मुळात अशीच बांधलेली आहे, हे लक्षात घेतले पाहिजे. गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा असे चार दरवाजे एकामागून एक येतात आणि त्यांच्यामधली पायऱ्यांची वाट तटांच्या आवळत्या कुशीतून वळणे घेत वर जाते. पहिला दरवाजा फोडून आत आलेला शत्रू दुसऱ्या दरवाजापाशी अडावा, त्याला मागे वळायला जागा राहू नये आणि वरच्या बुरुजांवरून त्याच्यावर मारा करता यावा, यासाठी ही योजना आहे. पुरंदरच्या तहात १६६५ मध्ये मोगलांना द्यावा लागलेला हा गड १६७० मध्ये स्वराज्यात परत आला. पुढे अठराव्या शतकाच्या अखेरीस नाना फडणीसांनी या दरवाजांच्या बांधकामाकडे पुन्हा लक्ष पुरवले. नारायण दरवाजाजवळ धान्य साठवण्याचे भुयार आहे. आम्ही एरवी तिथे थांबून ते नवख्या माणसांना दाखवतो. त्या रविवारी ते आमच्या डाव्या हाताला होते आणि तिकडे मान वळवण्याएवढीही जागा नव्हती. ज्या वाटेचा हेतूच माणसांना कोंडून धरण्याचा आहे, तिथे दोन्ही बाजूंनी हजारोंचा समुदाय एकदम सोडला तर तो कोंडणारच. यात गडाचा दोष नाही आणि हौसेने आलेल्या माणसाचाही नाही.

हे एकट्या लोहगडाचे नाही. नाशिककडचा हरिहर गड घ्या, तिथली कातळात कोरलेली उभी पायऱ्यांची वाट एका वेळी जेमतेम एका माणसाची आहे आणि चढणारा-उतरणारा दोघेही त्याच खोबणींत बोटे रोवतात. पनवेलजवळच्या कलावंतीण सुळक्याची गत फार वेगळी नाही. मी लोहगडाविषयीच लिहितो आहे, कारण तो लोणावळ्याच्या शेजारी आहे, मुंबई आणि पुणे या दोन्ही शहरांना जवळ आहे आणि सोपा गड म्हणून प्रत्येक नवखा माणूस सर्वप्रथम तिथेच येतो. त्यात ११ जुलै २०२५ रोजी मराठा लष्करी स्थापत्याच्या १२ किल्ल्यांची युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत नोंद झाली आणि त्यांत लोहगड आहे. ती बातमी ऐकून आम्ही पाचही जण हरखून गेलो होतो. आता पाहायला येणाऱ्यांची संख्या वाढेल, आणि ती वाढावीच. परंतु दरवाजांची रुंदी आहे तेवढीच राहणार आहे.

संपूर्ण बंदी हा उपाय मला पटत नाही. ३० जून २०२४ रोजी भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले, १५ जून २०२५ रोजी कुंडमळा येथे इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल गर्दीच्या भाराने कोसळून चार जणांचा जीव गेला. दोन्ही दिवस रविवार होते. अशा घटनांनंतर प्रशासनाने हात बांधून बसावे असे कोणीच म्हणणार नाही. मात्र बंदी आली की नियम पाळणारी माणसे घरी बसतात आणि न पाळणारी आडवाटेने चढतात, जिथे ती अडकली तर त्यांना शोधणेही अवघड होते. अशा वेळी रात्री-अपरात्री दोर घेऊन निघतात ती लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रसारख्या संस्थांची स्वयंसेवक मुले, आपापल्या नोकऱ्या सांभाळून. त्यांच्यावरचा भार हलका करायचा असेल तर गर्दी पायऱ्यांवर पोचण्याआधीच आवरली पाहिजे.

हे आपल्याच राज्यात जमलेले आहे. साताऱ्याजवळचे कास पठार पश्चिम घाटाचा भाग म्हणून २०१२ पासून जागतिक वारसा आहे. तिथे फुलांच्या हंगामात ऑनलाइन नोंदणी करावी लागते, दिवसाकाठी येणाऱ्यांच्या संख्येला मर्यादा आहे, शुल्क घेतले जाते आणि परिसरातल्या गावांची समिती स्थानिक तरुणांना हाताशी धरून ही व्यवस्था चालवते. फुले तुडवली जाऊ नयेत म्हणून आपण माणसे मोजू शकतो, तर माणसे तुडवली जाऊ नयेत म्हणून ती मोजायला काय हरकत आहे?

लोहगडावर यासाठी फार मोठा खर्च लागेल असे मला वाटत नाही. गणेश दरवाजापाशी दोन आणि महादरवाजापाशी दोन माणसे वॉकीटॉकी घेऊन उभी राहिली, तर अर्धा तास चढणाऱ्यांना आणि अर्धा तास उतरणाऱ्यांना वाट देता येईल. घाटात काम चालू असताना एका बाजूची वाहने थांबवतात, तसेच हे आहे. आयोजकांनी आणायच्या तुकडीलाही मर्यादा हवी. २०२१ मध्ये राज्याने साहसी पर्यटनाचे धोरण जाहीर केले आहे. दीडशे माणसांमागे दोन पोरगेसे ‘लीडर’ पाठवणाऱ्यांना त्याचा धाक वाटला पाहिजे. तासाचा आकडा मात्र कार्यालयात बसून ठरवू नये. भर पावसात एखाद्या रविवारी दरवाजात उभे राहून, किती माणसे सुखाने जातात ते पाहून तो ठरवावा.

गर्दी कमी झाली तर गावाचा धंदा बुडेल, अशी शंका काढली जाते. लोहगडवाडीत ज्या घरी आम्ही पिठलं-भाकरी खातो, तिथल्या काकूंना मी हे विचारले. भाकरी थापता थापता त्या म्हणाल्या, “दादा, रविवारी माणसं येत्यात हजारानं, पण खाली उतरली की गाडी काढायच्या घाईत असत्यात, बसायला कुणी थांबत न्हाई. माझा धंदा शनिवारी जास्त हुतो.” त्यांच्या भातखाचराचा बांध मोटारींच्या चाकांनी दोनदा फुटला होता आणि ऐन लावणीत पाणी निघून गेले होते, हेही त्यांनीच दाखवले.

रविवार सोडून आडवारी जा, असा सल्ला आम्हांला पुष्कळ जण देतात. आमच्यातल्या दोघांच्या कारखान्याला गुरुवारी सुट्टी असते, त्यांना ते जमते. उरलेल्या तिघांना आणि शाळकरी मुलांच्या आईबापांना रविवारच मिळतो. मी पहिल्यांदा लोहगड चढलो तेव्हा माझ्या पायात साध्या प्लास्टिकच्या चपला होत्या आणि गडाविषयी मला काहीही माहीत नव्हते. ढग बाजूला झाल्यावर विंचूकाट्याची, म्हणजे गडाच्या लांब चिंचोळ्या माचीची, सोंड पहिल्यांदा दिसली, तो क्षण मी अजून विसरलेलो नाही. तसा क्षण खांद्यावरच्या त्या मुलाच्या वाट्याला त्या दिवशी आला नाही. नारायण दरवाजापासूनच त्याची आई त्याला घेऊन परत फिरली.

येत्या पावसाळ्यात निदान चार रविवार हा प्रयोग लोहगडावर करून पाहावा, अशी संबंधित यंत्रणांना माझी आपल्या वृत्तपत्रामार्फत कळकळीची विनंती आहे. मोजणीसाठी माणसे कमी पडत असतील तर आम्ही पाचही जण पहिल्या रविवारी सकाळी सहा वाजता गणेश दरवाजापाशी हजर राहू.

आपला विश्वासू,
एक नियमित वाचक, चिंचवड