कोरलेल्या कातड्याला रंग देताना

अथणी, आषाढ

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

पाकिटावरची वेल कोरून झाली, रंग आजच लावू का, असं विचारलंस. आज नको. कोरताना दिलेलं पाणी आतून सुकायला एक पूर्ण दिवस लागतो, या पावसाळी हवेत दोन धर. गालाला टेकवून बघ, गार लागलं तर ओल आहे आणि ओलीवर रंग डागाडागांनी बसतो. उन्हात मात्र ठेवू नकोस, कातडं कडक होऊन वाकतं.

तुला दिलेला तुकडा बाभळीची साल आणि हिरडा यांत कमावलेला आहे, आपल्याकडच्या चपलांचा असतो तसाच. म्हणून त्यावर ठसा उठतो. क्रोमच्या क्षारांत कमावलेल्या कातड्यावर धड उठत नाही. पण त्याला स्वतःचा बदामी रंग असतो आणि स्पिरिटचा रंग पारदर्शक. पिवळा लावलास तर जेमतेम दिसेल, लाल लावलास तर विटकरीकडे जाईल. शिवाय सालीतला तुरटपणा आणि लोखंड यांची ओलीत गाठ पडली की निळेकाळे डाग उठतात. लोखंडी वाटी, गंजकी पट्टी जवळ आणू नकोस. डाग पडलाच तर लगेच लिंबाच्या रसाचा बोळा फिरव, मग साध्या पाण्याचा.

पहिल्या कामाला तपकिरीच घे, निम्मं स्पिरिट घालून पातळ कर. गॅसपासून लांब, खिडकी उघडी, हातात मोजे. बोटांचं तेल लागलेल्या जागी रंग धरत नाही, म्हणून आधी स्पिरिटची चिंधी फिरव. मग लोकरीचा बोळा रंगात बुडवून कागदावर टिपून घे आणि गोल गोल फिरवत तीन पातळ हात दे. ओला रंग गडद दिसतो, छटा सुकल्यावरच ठरव. दुसऱ्या दिवशी कोरड्या सुती कापडाने घास, कापडाला रंग लागायचा थांबेपर्यंत. इथे कंटाळा केलास तर पाकिटाचा रंग कपड्यांना लागत राहील.

आता सगळ्यात जपायची पायरी. अँटिक पेस्ट, म्हणजे खाचा गडद करणारा दाट रंग, फक्त खाचांत राहायला हवी. पानाचा उंच भाग उजळ राहिला तरच वेल उठून दिसते. उघडं कातडं ती पेस्ट सगळीकडे सारखी पिऊन घेतं, सगळंच काळपट होतं आणि मग काही केल्या निघत नाही. म्हणून मध्ये रेझिस्टचे, म्हणजे पेस्ट आत मुरू न देणाऱ्या पारदर्शक लेपाचे, दोन हात लागतात. पहिला लावून तासभर थांब, दुसरा आडव्या दिशेने लाव आणि रात्रभर सुकू दे. दोन्ही पातळ हवेत, कारण जाड थर खाचाच बुजवतो आणि पेस्टला बसायला जागा उरत नाही. कडेला, खोल कापाच्या तळाशी ब्रश पोचला का ते उजेडात तिरपं धरून बघ. चुकलेली जागा चमकत नाही.

पेस्ट रंगापेक्षा एक-दोन छटा गडद घे. बदामी-तपकिरीवर काळी पेस्ट मळकी दिसते, मला ती अजिबात आवडत नाही. तळहाताएवढाच भाग घे, ब्रशने गोल फिरवत खाचांत दाब आणि लगेच पूस. पुसायचं कापड लाकडाच्या चपट्या ठोकळ्याला ताणून गुंडाळ, नुसत्या बोटाने पुसलंस तर ते खाचेत शिरून पेस्ट उचलतं. कापड किंचित ओलसर, पिळून घट्ट. वाळून चिकटली तर खरवडू नकोस, तीच पेस्ट थोडी वर लाव, खालची सैल होते.

दिवसभराने शेवटचा फिनिश दे, घासून नव्हे तर स्पंजने टिपत. घासलंस तर खाचेतली पेस्ट ओघळून वर येते.

हे सगळं आधी त्याच तुकड्यातून उरलेल्या पट्टीवर करून बघ, तीही कोरून. दुसऱ्या कातड्यावरची चाचणी उपयोगाची नाही. पाठीचं आणि पोटाचं कातडंसुद्धा रंग सारखा पीत नाही. पट्टीचे दोन फोटो पाठव, रेझिस्ट सुकल्यावरचा आणि पेस्ट पुसल्यावरचा. ते बघून मी कळवते, मगच पाकिटाला हात लाव.

तुझी,
आई