क्लायंट एकच हवा, पण सगळ्या युजर्सना मिळून एक नको

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या टेक्नॉलॉजीच्या पानावर नवीन फोन आणि एआयबद्दल भरपूर येतं, आवडीने वाचतोही, पण वेब अ‍ॅप बनवणाऱ्यांच्या रोजच्या कामाचं काही येत नाही म्हणून हे पत्र. विषय किचकट आहे पण लोकांच्या प्रायव्हसीशी थेट संबंध आहे: सर्व्हरवरच्या एका साध्या चुकीमुळे एका युजरची माहिती दुसऱ्याला दिसू शकते.

हल्ली बरीच अ‍ॅप्स पान आधी सर्व्हरवर रेंडर (म्हणजे तयार) करतात आणि मग तोच जावास्क्रिप्ट कोड ब्राउझरमध्ये परत चालतो, म्हणजे एपीआयकडून (दुसऱ्या प्रोग्रामला डेटा देणाऱ्या सेवेकडून) डेटा आणणारा कोड, म्हणजे क्लायंट, दोन्हीकडे चालला पाहिजे. २०२२ मध्ये नोडच्या (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणारा प्रोग्राम) १८ व्या आवृत्तीपासून फेच (डेटा मागवणारं ब्राउझरमधलं फंक्शन) सर्व्हरवरही आयतं मिळायला लागलं, अ‍ॅक्सिऑस ही त्याच कामाची लायब्ररी तर आधीपासूनच दोन्हीकडे चालते, त्यामुळे लायब्ररी टाकली की काम झालं असं पुष्कळांना वाटतं. तसं नसतं हो.

ब्राउझरला आपण कुठल्या साइटवर आहोत ते माहीत असतं म्हणून नुसता स्लॅशपासून सुरू होणारा पत्ता चालतो, नोडला ते कळत नाही, सरळ एरर येते. बेस यूआरएल, म्हणजे साइटचा पूर्ण पत्ता, दिला की मिटलं. कुकीचं (लॉगिनची ओळख ठेवणारी ब्राउझरमधली छोटी नोंद) मात्र तसं नाही. ब्राउझर स्वतःच्या साइटची कुकी आपोआप पाठवतो, सर्व्हरवर ती आलेल्या रिक्वेस्टमधून काढून पुढच्या रिक्वेस्टला आपणच लावायची, नाहीतर लॉगिन केलेल्या माणसालाही पान पाहुण्यासारखं दिसतं. (आणि लॉगिनची ओळख पटवणारं टोकन ब्राउझरच्या लोकल स्टोरेजमध्ये ठेवलं असेल तर विसराच, सर्व्हरला ते दिसतच नाही.)

आता खरा घोळ इथे होतो. लोक फाइलच्या वरच एक क्लायंट बनवून एक्सपोर्ट करतात आणि प्रत्येक रिक्वेस्टला त्याच्याच डिफॉल्ट हेडरमध्ये (रिक्वेस्टसोबत जाणारी माहिती) टोकन भरतात. ब्राउझरमध्ये हे चालतं कारण तिथे युजर एकच. सर्व्हरवर तीच वस्तू सगळ्यांच्या रिक्वेस्ट वापरतात, म्हणजे एकच टूथब्रश अख्ख्या गावाला. पहिल्याचं टोकन भरलं, एपीआयच्या उत्तराची वाट बघतोय तेवढ्यात दुसऱ्याची रिक्वेस्ट आली, तिने आपलं टोकन भरलं, आता पहिल्याचा पुढचा कॉल दुसऱ्याच्या नावाने जातो आणि त्याला परक्याची माहिती दिसते. एरर नाही, लॉगमध्ये काही नाही, सगळं २०० ओके, म्हणजे सर्व्हरच्या भाषेत ‘ठीक’!

उपाय अवघड नाहीये. क्लायंट एक्सपोर्ट करू नका, क्लायंट बनवणारं फंक्शन एक्सपोर्ट करा, सर्व्हरवर दर रिक्वेस्टला नवा बनवा आणि त्या रिक्वेस्टची कुकी त्यालाच द्या. स्वेल्टकिट या फ्रेमवर्कमध्ये पानाचा डेटा आणणाऱ्या लोड फंक्शनला मिळणारं फेच हेच काम करतं, तिथे उगाच स्वतःचं काही लिहीत बसू नये. फक्त आलेले सगळे हेडर जसेच्या तसे पुढे ढकलू नका, होस्ट (साइटचं नाव) आणि कंटेंट-लेंग्थ (मजकुराची लांबी) गेले की भलतंच काहीतरी होतं, आणि युजरची कुकी बाहेरच्या कुणाच्या एपीआयला तर अजिबात जाऊ देऊ नका. एपीआयने सेट-कुकी (नवी कुकी ठेवायला सांगणारा हेडर) पाठवली तर तीही ब्राउझरपर्यंत आपणच पोचवायची, हे तर हमखास राहून जातं.

आपल्या लॅपटॉपवर एकटेच टेस्ट करत असाल तर हा घोळ कधीच दिसणार नाही. एपीआयचं उत्तर मुद्दाम दोन सेकंद उशिरा येईल असं करा, दोन वेगळ्या ब्राउझरमध्ये दोन वेगळे अकाउंट उघडा आणि दोन्ही पानं एकदमच रिफ्रेश मारत राहा, कुणाचं नाव कुठे दिसतंय ते बघा.

आपला,
एक वाचक (वेब डेव्हलपर)